शरीरात इन्सुलिन आहे, तरी सुई कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील (अण्णा) ५७ वर्षांचे, औसा तालुक्यात शेती. अकरा वर्षांपासून शुगर, वजन ८२ किलो. तीन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) १०.६ आणि उपाशीपोटी साखर २४८. लातूरच्या डॉक्टरांनी 'इन्सुलिन रेझिस्टन्स आहे' असं सांगून रात्री १० युनिट इन्सुलिन लिहून दिलं. पाहुण्यांपैकी एकानं सी-पेप्टाइडची तपासणी करायला लावली, ती २.९ आली. 'म्हणजे अंगात इन्सुलिन भरपूर आहे. जे आहे तेच शरीर ऐकत नाही, तर बाहेरून आणखी टोचून काय होणार? उलट रेझिस्टन्स वाढेल,' असं पाहुण्यांचं म्हणणं. अण्णा सुईला तयार नाहीत. काय करावं?

आधी सरळ उत्तर. अण्णांना इन्सुलिन लागणार आहे, ते काम करेल, आणि १० युनिट हा सावध डोस आहे, घाबरण्यासारखा नाही. पण पाहुण्यांच्या शंकेत काहीच दम नाही असंही नाही. रेझिस्टन्सकडे कुणी बघितलंच नाही आणि नुसती युनिटं वाढवत नेली, तर दोन वर्षांत १० चे ६० होतात, वजन चढतं आणि शुगर जिथल्या तिथं राहते. असे पेशंट माझ्याकडे कायम येतात. त्यामुळं 'घ्यायचं का' यापेक्षा 'कशाच्या जोडीनं घ्यायचं आणि डोस वाढायला लागला की काय तपासायचं' यावर मी जास्त लिहिणार आहे.

रेझिस्टन्स म्हणजे पेशींना इन्सुलिनचा निरोप कमी ऐकू येणं. ठार बहिरेपण नव्हे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी आपण जरा मोठ्यानं बोलतो आणि त्याला ऐकू जातं. स्वादुपिंड वर्षानुवर्षं हेच करत असतं. दुसऱ्याचं जेवढ्यात भागतं त्याच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून साखर जागेवर ठेवतं. त्या काळात शुगरचा रिपोर्ट चांगला येतो. फक्त पोट सुटलेलं असतं, रक्तातली चरबी (ट्रायग्लिसराइड) वाढलेली असते, मानेच्या मागं काळपट, मखमली पट्टा दिसायला लागतो. घरची माणसं तो मळ समजून घासत बसतात. मग कधीतरी स्वादुपिंड दमतं, आणि शुगर वाढते ती तिथून पुढं. म्हणजे टाइप २ मध्ये दोन दुखणी एकत्र असतात: ऐकू कमी येतंय, आणि बोलणाऱ्याचा आवाजही बसत चाललाय. ब्रिटनमध्ये नव्यानं निदान झालेल्या मधुमेहींवर वीस वर्षं चाललेला यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की निदानाच्या दिवशीच इन्सुलिन बनवायची निम्मी ताकद गेलेली असते आणि पुढं ती उतरतच जाते. अण्णांना तर अकरा वर्षं झाली.

आता त्या २.९ चं बघू. आपलं स्वादुपिंड इन्सुलिन तयार करतं तेव्हा त्याच्या जोडीनं तेवढंच सी-पेप्टाइड बाहेर पडतं, म्हणून त्यावरून अंदाज येतो. पण तो आकडा त्या वेळच्या साखरेशी ताडून बघायचा असतो. उपाशीपोटी साखर ९० असताना २.९ आलं असतं तर मीही म्हटलं असतं की माल भरपूर आहे. इथं साखर २४८ आहे. एवढी साखर समोर दिसल्यावर धडधाकट स्वादुपिंडानं याच्या कितीतरी पट जास्त सोडायला हवं होतं. अण्णांचं २.९ म्हणजे प्रयत्न चालू आहेत, पण पुरे पडत नाहीत. या आकड्याचा खरा उपयोग एवढाच की अण्णांचं दुखणं लहान मुलांसारखं टाइप १ चं नाही आणि गोळ्या अजून कामाच्या आहेत. इन्सुलिन नको, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

ही शंका तुमच्या पाहुण्यांनाच पहिल्यांदा आलेली नाही, हेही सांगतो. हॅरोल्ड हिम्सवर्थ नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९३६ सालीच दाखवलं होतं की ग्लुकोज आणि इन्सुलिन एकदम दिलं तर काही मधुमेहींची साखर आटोक्यात राहते आणि काहींची राहत नाही. म्हणजे मधुमेह दोन जातींचा आहे. तेव्हा रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोयच नव्हती. ती सोय अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास केली, आणि मोठ्या वयात मधुमेह झालेल्यांच्या रक्तात इन्सुलिन चांगलंच सापडतं हे बघून तेव्हाचे जाणकारही चक्रावले. यालोबाईंना त्या कामासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. आणि आपल्याकडचं म्हणाल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपल्या इंग्रज मित्राचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. 'आमचे वडील तर लठ्ठ नाहीत' असं जे लोक मला सांगतात त्यांना मी हे उदाहरण देतो. आपल्या माणसाचे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, यकृताभोवती. म्हणून आपल्याकडे काटा बघण्यापेक्षा टेप बघावा: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत.

इन्सुलिन रात्री का दिलं, हेही समजून घ्या. अण्णा रात्री आठला जेवले आणि पहाटेपर्यंत पाणी सोडून काही घेतलं नाही, तरी सकाळी साखर २४८. ही साखर आली कुठून? यकृतानं रात्रभर तयार करून रक्तात सोडली. यकृताचा हा कारखाना रात्री आवरता ठेवणं हे इन्सुलिनचं काम. यकृताला आवरायला जेवढं इन्सुलिन लागतं ते स्नायूंमध्ये साखर ढकलायला लागणाऱ्या इन्सुलिनपेक्षा कमी असतं. म्हणून रेझिस्टन्स असूनही रात्रीच्या लांब चालणाऱ्या, म्हणजे बेसल इन्सुलिनचा परिणाम सकाळच्या आकड्यावर दिसतो.

'उलट रेझिस्टन्स वाढेल' ही भीती उरली. वाढलेली साखर स्वतःच एक विष आहे. २५०-३०० वर साखर महिनोन्‌महिने राहिली की स्वादुपिंडाच्या पेशी गारठतात आणि स्नायूंना निरोप आणखीच कमी ऐकू जातो. साखर खाली आणली की दोन्ही थोडे सुधारतात. २००८ साली चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्यानं मधुमेह झालेल्या ३८२ जणांना काही आठवडे एकतर इन्सुलिन दिलं किंवा गोळ्या, मग सगळं बंद करून वाट बघितली. वर्षानंतर औषधाशिवाय साखर नीट असणारे इन्सुलिनवाल्यांत निम्म्याच्या आसपास होते, गोळीवाल्यांत साधारण चौथा हिस्सा. अण्णांना अकरा वर्षं झाल्यामुळं तसं काही होईल असं मी म्हणणार नाही. पण इन्सुलिन दिल्यानं स्वादुपिंड आळशी होतं, ही समजूत चुकीची आहे हे त्यातून कळतं. दुसरा अभ्यास २०१२ चा, ओरिजिन नावाचा, साडेबारा हजार लोकांचा. सहा वर्षांहून थोडं जास्त काळ बेसल इन्सुलिन घेणाऱ्यांत हृदयविकार वाढला नाही, कॅन्सर वाढला नाही. वजन दीडेक किलो वाढलं आणि शुगर कमी होण्याचे प्रसंग जास्त आले. तोटे आहेत ते हे.

इन्सुलिन कुणाला नको, तेही इथंच सांगून टाकतो, कारण हल्ली लॅबच्या पॅकेजमध्ये 'फास्टिंग इन्सुलिन' घुसलेलं आहे. कॉलेजातली मुलगी, मान काळी, पाळी अनियमित, फास्टिंग इन्सुलिन २४ आणि शुगर ९२. तिच्या आईला वाटतं की रेझिस्टन्स आहे म्हणजे आता इन्सुलिन टोचावं लागणार. अजिबात नाही. तिचं स्वादुपिंड जोरात काम करतंय. तिला वजन उतरवायला मदत हवी, कधी मेटफॉर्मिनची गोळी. इन्सुलिन हे वाढलेल्या साखरेवरचं औषध आहे. रेझिस्टन्सवरचं औषध ते नव्हेच.

आणि घ्यायलाच हवं असे प्रसंग: एचबीए१सी १० च्या पुढं, साखर ३०० वर, लघवी फार, वजन आपोआप उतरत चाललेलं, गरोदरपणात जेवण सांभाळून आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या गोळीनंही भागत नसेल तेव्हा, ऑपरेशन, पायाची मोठी जखम, न्यूमोनिया, क्षयरोगाच्या उपचारात साखर फार वाढलेली असेल तर, कारण क्षयावरचं रिफाम्पिसिन हे औषध शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी करतं, किडनी बरीच खालावली असेल तर. यातल्या कितीतरी जणांचं इन्सुलिन काम झाल्यावर सुटतं. 'एकदा सुई मागं लागली की मरेपर्यंत सुटत नाही' हे आपल्याकडं पारावर बसून ठरलेलं आहे. त्याला कारणही आहे: आपण सुई इतकी उशिरा सुरू करतो की तोवर स्वादुपिंडात काही उरलेलं नसतं. मग ती सुटत नाही, आणि पुढं पाय कापावा लागला की दोषही सुईलाच.

अण्णांचं कसं करायचं ते आता. बेसल इन्सुलिनचा सुरुवातीचा डोस किलोमागं ०.१ ते ०.२ युनिट, म्हणजे ८२ किलोला ८ ते १६. दहा बरोबर आहे. रोज एकाच वेळी. रोज सकाळी उपाशीपोटी ग्लुकोमीटरवर बघून लिहून ठेवायचं. आकडा १३० च्या वर असेल तर दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवायची, असा साधारण नियम. ७० च्या खाली एकदा जरी गेला तरी ४ युनिट उतरवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. हे त्यांच्याशी बोलून कागदावर लिहून घ्या. बऱ्याच घरांत होतं काय, १० युनिट लिहून दिलेली असतात, पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची, आणि माणूस तीन महिने १० वरच बसतो. मग 'इन्सुलिन घेऊनही फरक नाही' म्हणून बंद करतो. अण्णांच्या वजनाच्या आणि रेझिस्टन्सच्या माणसाला २५-३५ युनिट लागू शकतात, आणि त्यात दुखणं वाढलं असं काही नाही. त्यांचा डोस शेजाऱ्याच्या १२ युनिटशी ताडून बघू नका.

किलोमागं अर्धं युनिट, म्हणजे अण्णांच्या बाबतीत चाळीसच्या आसपास, ही माझी थांबायची खूण. तिथपर्यंत जाऊनही सकाळची साखर ऐकत नसेल, किंवा सकाळची नीट आणि एचबीए१सी तरी वरच, तर रात्रीचं इन्सुलिन वाढवत बसण्यात अर्थ नसतो. तिथं आवाज वाढवणं थांबवून कानात काय अडकलंय ते बघायचं.

मी पहिल्यांदा पेशंटला झोपवून शर्ट वर करायला सांगतो. बेंबीच्या दोन्ही बाजूंना हात फिरवला की बऱ्याचदा बोटाला दोन मऊ, रबरी फुगवटे लागतात. डोळ्यांना ते दिसतातच असं नाही, तिरप्या उजेडात दिसतात. रोज त्याच जागी टोचून तिथं चरबीच्या गाठी झालेल्या असतात. त्या जागी दुखत नाही, म्हणून माणूस तीच जागा धरतो. पण गाठीतून इन्सुलिन कधी निम्मं शोषलं जातं, कधी पुरं, कधी उशिरा. आज २८०, उद्या ९०. जालन्याकडचा एक दुकानदार असाच आला होता, दिवसाला नव्वदच्या वर युनिटं आणि शुगर तीनशे. दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी. जागा बदलायला लावली आणि डोस आधीच बराच उतरवला. तो उतरवावाच लागतो, नाहीतर चांगल्या जागेतून पूर्ण डोस एकदम लागू होतो आणि माणूस रात्री घामाघूम होऊन पडतो. महिन्याभरात तो पन्नासच्या खाली आला, नवीन औषध एकही न घालता. तर अण्णांना पहिल्या दिवसापासून सवय लावा: या आठवड्यात पोटाची उजवी बाजू, पुढच्या आठवड्यात डावी, मग मांडी, आणि कालच्या जागेपासून दोन बोटं लांब. इन्सुलिन पेननं घेत असतील तर त्याची सुई ४ मिलिमीटरची घ्या, ती बदलत राहा. सुई काढायच्या आधी दहा आकडे मोजा.

दुसरं, सिरिंज. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटचं येतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं आणि काही बाटल्यांतलं १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. तालुक्याच्या मेडिकलवर लाल संपली म्हणून केशरी हातावर टेकवली जाते. केशरीच्या २० च्या खुणेपर्यंत ४० वाली बाटली भरली तर अंगात जातात फक्त ८ युनिटं. उलटं झालं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर २० च्या जागी ५० जातात, आणि ते जिवावर बेततं. घरी जाऊन बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग एकदा ताडून बघा. पेन असेल तर ही भानगड नाही.

तिसरं, ऊन. हे मराठवाड्यात राहून वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतंच. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि इन्सुलिन मोटरसायकलच्या डिक्कीत लातूरहून गावापर्यंत. ते उन्हात हळूहळू मरतं. स्वच्छ दिसणारं तसंच स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळं कळत नाही. न उघडलेलं फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या खणात कधीच नाही. एकदा गोठलं की ते फेकायचं. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन पंचवीस-तीस अंशांच्या आत चार आठवडे टिकतं. फ्रीज नसेल किंवा लाइटचा भरवसा नसेल तर मातीचं मडकं: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डबीत इन्सुलिन, वर झाकण, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. वाळू रोज ओली करायची. बाहेर ४२ अंश असताना आतलं तापमान बरंच उतरतं. पांढुरक्या इन्सुलिनची बाटली तळहातात हलक्या हातानं फिरवून एकजीव करायची, जोरात हलवायची नाही. काचेला कण चिकटलेले दिसले तर ती टाकून द्या.

चौथं म्हणजे पुड्या. गुडघेदुखीवर आठवडी बाजारात किंवा कुणाच्या सांगण्यावरून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या-गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत गुडघा पळायला लागतो आणि शुगर साडेतीनशे. यात सकाळची साखर त्या मानानं बरी आणि दुपारनंतरची भडकलेली असते, त्यावरून संशय घेता येतो. अण्णांना हळूच विचारा. डॉक्टरांसमोर ते सांगणार नाहीत. पण स्टेरॉइड बरेच दिवस घेतलेलं असेल तर ते एकदम बंद करू नका, तेही हळूहळू उतरवावं लागतं.

अंगात कुठं पू किंवा जंतुसंसर्ग असेल, तर तोवर इन्सुलिन हटून बसल्यासारखं वागतं. किडलेली दाढ, पायाच्या बोटांमधली भेग, बायकांमध्ये लघवीची जळजळ. मोजे काढून पाय बघितल्याशिवाय डोस वाढवू नये असं माझं मत आहे.

जेवणाबद्दल मी फार लांबण लावत नाही, एवढंच सांगतो: 'आम्ही तर भाकरीच खातो' हे उत्तर नव्हे. ज्वारीची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा बरी, पण ताटभर तीन भाकरी म्हणजे तीन भाकरीच. दीड भाकरी, तेवढंच घट्ट वरण किंवा मटकी, अंबाडी-मेथीची भाजी दुप्पट, आणि आधी भाजी मग भाकरी. खरा चोर चहा आहे. शेतावर दिवसातून सहा वेळा, प्रत्येकात दोन चमचे साखर. आणि पूर्वी शेतावर चालत जाणारा माणूस आता बांधापर्यंत गाडीवर जातो, नांगरट ट्रॅक्टरनं होते. 'शेतकरी आहे, व्यायामाची काय गरज' हे आता खरं राहिलेलं नाही. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं हे रेझिस्टन्सवरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट न बघताही साखर ओढून घेतो.

आता जोडीच्या गोळ्या. इन्सुलिन सुरू झालं म्हणून सगळ्या गोळ्या बंद, हे मला पटत नाही. मेटफॉर्मिन चालूच ठेवायची, किडनी चांगली असेल तर दिवसाला २ ग्रॅमपर्यंत. ती यकृताचा कान उघडते आणि इन्सुलिनचा डोस व वजन दोन्ही आवरते. ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला की मात्र ती थांबवायची. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात. त्यांना इन्सुलिनची गरज नसते, म्हणून रेझिस्टन्सवाल्याला त्या सोयीच्या, शिवाय हृदय आणि किडनीला फायद्याच्या. पण मे महिन्यात रानात काम करणाऱ्याला पाणी कमी पडू शकतं, गुप्तांगाला खाज आणि बुरशी होऊ शकते. जुलाब-उलट्या, कडक उपास, ऑपरेशन यांच्या वेळी ती बंद ठेवायची. आणि ही गोळी चालू असताना इन्सुलिन परस्पर एकदम सोडायचं नाही, कारण साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. पायोग्लिटाझोन ही थेट रेझिस्टन्सवरची जुनी, स्वस्त गोळी. २०१३ साली आपल्या सरकारनं मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेनं तिच्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी ती उठवली. यकृतावर चरबी असलेल्या माणसाला मी लहान डोसमध्ये ती अजून वापरतो. पण इन्सुलिनच्या जोडीनं पायावर सूज येते, हृदय कमजोर असेल तर ती द्यायचीच नाही. तिसरी फळी सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपाटाइडची. आठवड्याला एक सुई, भूक मरते, वजन उतरतं, इन्सुलिनची युनिटं निम्म्यावर येऊ शकतात. तिर्झेपाटाइड २०२५ मध्ये आपल्याकडं आलं. परवडत असेल आणि वजनच मुख्य अडचण असेल तर रात्रीचं इन्सुलिन वाढवण्याआधी याचा विचार व्हावा. अण्णांच्या तीन गोळ्यांत ग्लिमेपिराइड, म्हणजे स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी, असणार, बहुतेकांच्या असते. ती इन्सुलिनबरोबर साखर खाली पाडते, म्हणून तिचा डोस कमी करायचा का, हे नक्की विचारा.

वजन का वाढतं हेही कळू द्या, म्हणजे धास्ती कमी होईल. साखर २५० च्या वर असताना दिवसाला शंभर ग्रॅम साखर लघवीवाटे जात असेल, तर त्या ४०० कॅलरी फुकट बाहेर पडत होत्या. इन्सुलिननं ती गळती बंद होते. जेवण तेवढंच राहिलं तर त्या ४०० कॅलरी अंगावर बसतात. पहिल्या महिन्यातच ताट थोडं कमी केलं तर वजन फारसं वाढत नाही.

साखर कमी होण्याचं भान मात्र घरातल्या सगळ्यांना हवं. घाम, थरथर, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड, ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली: लगेच तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, मग काहीतरी खाणं. माणूस गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, गाडी काढा. एकादशीला साबुदाणा खाल्ला तर साखर वाढते आणि निर्जळी केली तर पडते. दोन्ही दिवसांचा डोस सारखा ठेवून चालत नाही. सकाळ-संध्याकाळचं मिक्स इन्सुलिन घेणाऱ्यानं जेवण चुकवलं की धोका जास्त. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांपैकी कुणी इन्सुलिनवर असेल तर खिशात साखर, आधी ठरवून कमी केलेला डोस, आणि पायात चप्पल. आई भवानी चप्पल घातली म्हणून रागावत नाही.

बीडकडचे ऊसतोड कामगार हे उत्तर वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. दिवाळीनंतर कोयता हातात घेतला की चार महिने अंगमेहनत इतकी होते की घरी लागणाऱ्या डोसच्या निम्माही फडात जास्त होऊ शकतो. मी कारखान्याला निघायच्या आधी बोलावून डोस उतरवून देतो, आणि परत आल्यावर पुन्हा वाढवतो. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागत असेल तर तेही सांगा, त्यावरून कुठलं इन्सुलिन द्यायचं ते बदलतं. कोपीत (फडावरच्या झोपडीत) वाळूचं मडकं करता येतं, आणि शेजारच्या कोपीतल्या एकाला तरी साखर-पाण्याचं सांगून ठेवायचं.

अण्णांच्या नकाराचं काय? माझा अनुभव असा की बहुतेकांना भीती सुईच्या लांबीची असते आणि ती बघितलेली असते दवाखान्यातल्या सलाइनची. डॉक्टरांकडे पेन आणि ४ मिलिमीटरची सुई मागा आणि तिथंच, औषध न भरता, आधी तुम्ही स्वतःच्या पोटाला टोचून दाखवा. मग त्यांना तशीच नवी सुई लावून द्या. आणि त्यांना 'कायमचं' म्हणू नका; तीन महिने घेऊन एचबीए१सी परत करू, असं ठरवा, ते खरंही आहे.

सुरू करण्याआधी की नंतर या वादात न पडता तीन गोष्टी याच आठवड्यात उरका. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन या किडनीच्या तपासण्या, कारण मेटफॉर्मिन किती आणि डॅपाग्लिफ्लोझिन द्यायची का, हे त्यावर ठरतं. पायांची तपासणी. आणि डोळ्याचा पडदा बाहुली मोठी करून: १०.६ वरून साखर भराभर उतरली तर आधीच खराब असलेला पडदा काही महिने जास्त बिघडू शकतो, म्हणून तो आधी बघून ठेवलेला बरा. पडद्यावर काही सापडलं तर तसं डॉक्टरांना सांगा, ते युनिटं वाढवायचा वेग कमी ठेवतील.